बाटलीवरचं नाव

९ फेब्रुवारी

प्रिय भिंगाबाई,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. फोन हाताशी असताना मावशीला पत्र लिहायची हुक्की का आली, असं तुला वाटेल. आपल्या घरातला फोन तुझ्या आईच्या उशाशी असतो आणि मी कुणाशी बोलायला लागले की बाईसाहेब हातातलं काम टाकून दाराशी कान देऊन उभ्या. म्हणून कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, पडद्याच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहिते आहे. उत्तरही इथेच पाठव. घरी पाठवलंस तर माझ्याआधी तीच फोडेल.

काम असं आहे. माझ्या शेजारच्या मशीनवर एक बाई बसते, पडद्यांना चुण्या घालते. तिला बरेच दिवस उन्हाळी लागली आहे. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटतं, गेलं की चार थेंब. आता मधूनच थंडी वाजून ताप येतो. पाठबीठ दुखत नाही, पण ओटीपोटात उजव्या अंगाला दुखतं, तिथे हात लावू देत नाही. तू लॅबमध्ये दिवसभर भिंगाखाली हेच जंतू बघत बसतेस, म्हणून तुला विचारते.

आमच्याकडे हे दुखणं नवीन नाही. आम्ही वरच्या मजल्यावर आणि बायकांचा संडास खाली, गोदामाच्या मागे. एकदा उतरून चढून आलं की पडदा मागे पडतो. आमच्या मजल्यावर एक आहे, पण तो मालकांचा, कुलूप लावलेला. तेव्हा आम्ही साधा उपाय काढला आहे, पाणीच प्यायचं नाही. मग कुणाला ना कुणाला लागतेच. त्यासाठी माझ्याकडे बटणांची एक रिकामी डबी आहे. जिला बरं वाटलं तिने उरलेल्या गोळ्या डबीत टाकायच्या, पुढची आजारी पडली की तिने घ्यायच्या. डॉक्टरकडे खाडा करून जायला नको आणि औषध वाया जायला नको. इतकी वर्षं डबीने कुणाचं अडू दिलं नाही.

पण या बाईला पांढऱ्या गोळ्या झाल्या, पिवळ्या झाल्या, जरा बरं वाटायचं की पुन्हा तेच. आता डबीत लाल-काळ्या कॅप्सूल उरल्या आहेत. त्या पांढरीपेक्षा जोरदार का? दोन्ही एकदम दिल्या तर चालेल का?

तुझी आई मजेत आहे. माझी लेक तिच्याकडे सुखाने नांदते आहे. ऑपरेशनच्या वेळी ते डॉक्टर म्हणाले होते ना, किडनी दुसऱ्याच्या अंगात रुळायला वेळ लागतो. आपली पहिल्याच दिवशी पदर खोचून कामाला लागली. इतक्या वर्षांत एकदा रुसून बसली नाही. मला मूलबाळ नाही, पण मुलगी चांगल्या घरी दिल्याचं समाधान आहे.

लवकर लिही. त्या बाईची मला काळजी वाटते.

तुझी
मावशी


१५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

शेजारच्या मशीनवरच्या बाईचं पोट तू कधीपासून दाबून बघायला लागलीस?

तुला खोटं बोलता येत नाही, मग कशाला त्या वाटेला जातेस? आजारी तू आहेस. हसण्यावारी नेऊ नकोस. आईला किडनी दिल्यापासून तुझ्याकडे एकच उरली आहे, आणि थंडी वाजून ताप येतो याचा अर्थ जंतू खाली न थांबता तिच्यापर्यंत चढले असावेत.

लाल-काळी कॅप्सूल घेऊ नकोस. डबीतलं काहीही घेऊ नकोस. मावशी, ती डबी म्हणजे तुमची माया आहे हे मला कळतं, पण तिनेच घोटाळा केला आहे. पुरतं औषध घेतलं तर जंतू मरतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं, किंवा भलत्याच औषधाच्या दोन-चार गोळ्या घेतल्या, की लेचेपेचे तेवढे मरतात आणि चिवट मागे उरतात. मग त्यांचाच वंश वाढतो. पुढच्या वेळी तीच गोळी त्यांना लागत नाही.

मी हे रोज डोळ्यांनी बघते. कुणाची लघवी आली की त्यातले जंतू आम्ही थाळीवर वाढवतो आणि वर औषधाच्या टिकल्या ठेवतो. औषध चालत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसतं, जंतू तिथे फिरकत नाहीत. चालत नसेल तर ते टिकलीला खेटून वाढतात. मी नोकरीला लागले तेव्हा थाळीवर कडीच कडी असायची. हल्ली सकाळी झाकण उघडताना मला धाकधूक होते.

तेव्हा आता मी सांगते तसं कर. कारखान्याजवळच्या दवाखान्यात जा. लघवीची बाटली दे आणि रक्तही दे, किडनी कसं काम करते आहे ते कळेल. डॉक्टरांशी मी बोलले आहे. बाटली माझ्या लॅबमध्ये येईल, थाळी मीच लावीन. नाव मात्र नीट घाल. नावाचा घोळ झाला की एकीचं औषध दुसरीला जातं.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस, ती हाय खाईल. तिची या महिन्याची तपासणी झाली का? तुम्हा दोघी बहिणींत मिळून चालणाऱ्या किडन्या दोनच आहेत. मला त्या दोन्ही हव्या आहेत.

तुझी
भिंग


२२ फेब्रुवारी

प्रिय भिंगाबाई,

पकडलंस. मीच ती. आता सुटले, लपवण्याचा व्याप तरी संपला.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. आधी रक्त दिलं. ती नर्स शीर शोधून दमली, मी मात्र हूं की चूं केलं नाही. बाटली सकाळी घरूनच भरून नेली होती, पिशवीत, रुमालात गुंडाळून, वर डबा ठेवून. वाटेत शेजारीण भेटली आणि काय एवढं जपून नेतेस म्हणून विचारायला लागली. लोणी आहे म्हटलं. नाव मी स्वतः घातलं, ठळक अक्षरात, माझंच. त्यात खोटं काही नाही.

माझी काळजी करू नकोस. आज नाट्यगृहाचे मखमली पडदे आले. ते गठ्ठे दोघीदोघींनी उचलायचे असतात, पण मी एक खांद्यावर टाकला आणि जिना चढून गेले. सगळ्या बघत राहिल्या. अंगात ताकद आहे अजून.

तुझ्या आईची तपासणी पुढे गेली, किडनीचे डॉक्टर बाहेरगावी गेले आहेत म्हणे. ती बरी आहे. हल्ली दुपारची पडून असते, ऊन वाढलं आहे ना. जेवणही जरा कमी झालं आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही, तूही फोनवर विषय काढू नकोस.

एक सहज विचारते. समजा हेच दुखणं तुझ्या आईला झालं असतं, तर औषध हेच दिलं असतं ना? जंतू तेच म्हटल्यावर औषधही तेच असणार, असं मला वाटतं. कळव.

तुझी
मावशी


२ मार्च

प्रिय मावशी,

तुझी थाळी मी स्वतः वाचली. टिकल्या सगळ्या जागच्या जागी, आणि जंतू अगदी त्यांच्या अंगावर चढलेले. पांढऱ्या गोळीला कडं नाही. पिवळीला नाही. तुझ्या त्या लाल-काळीलाही नाही. तोंडाने घ्यायचं एकही औषध चालत नाही. काही चूक झाली असेल म्हणून पुन्हा लावली. पुन्हा तेच. परक्या माणसाची असती तर मी रिपोर्ट लिहून पुढची थाळी घेतली असती. तुझी होती म्हणून खिडकीशी नेऊन पुन्हा पुन्हा पाहिली.

दोन टिकल्यांभोवती कडं आहे. दोन्ही इंजेक्शनं. एक हॉस्पिटलात राहून सलाईनमधून घ्यायचं. दुसरं रोज एक, दंडात किंवा कमरेत. रिपोर्ट मी लगेच दवाखान्यात कळवला. डॉक्टरांचा फोन आला होता, तू हॉस्पिटलात राहायला साफ नाही म्हणालीस आणि इंजेक्शनं घरी न्यायला तयार झालीस म्हणे. हे रोजचं इंजेक्शन किडनीवर जड जातं, म्हणून एरवी एक किडनीच्या माणसाला ते देताना कुणीही कचरेल. पण तुझ्या रक्ताचा रिपोर्ट इतका उत्तम आहे की तेही तयार झाले आणि मीही गप्प बसले. पाणी भरपूर पी. मध्ये एकदा पुन्हा रक्त दे.

एक गोष्ट मनात घोळते आहे. थाळी इतकी वाईट आणि रक्त इतकं छान, हे मला नीट जुळत नाही. असो, तुझं हाडच काटक आहे.

तू विचारलंस ते राहिलं. नाही, आईला हे इंजेक्शन कधीही द्यायचं नाही. किडनी टिकावी म्हणून ती ज्या गोळ्या घेते, त्या आधीच किडनीला त्रास देत असतात. वर हे पडलं तर किडनी बंद पडू शकते. तिला असं काही झालंच तर थेट हॉस्पिटल, सलाईन आणि तिचे डॉक्टर. तू हे डोक्यात पक्कं ठेव, कारण तिच्याजवळ तू असतेस.

इंजेक्शन टोचायला नर्स घरी येते तेव्हा आईला काय सांगतेस? तेही कळव.

तुझी
भिंग


८ मार्च

प्रिय बाळ,

तू माझ्याशी बोलत नाहीस म्हणून लिहिते आहे. तू वॉर्डाच्या आत आणि मी बाहेर बाकावर. मध्ये एक दार आहे, पण काल तू त्या दारातून दोनदा आलीस आणि माझ्याकडे न बघता औषधाच्या खिडकीकडे गेलीस. हे पत्र आतल्या आयाबाईंकडे देते आहे. वाचलं नाहीस तरी तुझ्याजवळ ठेव.

तुझं पत्र कारखान्यात मिळालं तेव्हा ताईला, तुझ्या आईला, दोन इंजेक्शनं देऊन झाली होती. संध्याकाळी नर्स तिसरं द्यायला येणार होती. मी मशीन तसंच चालू टाकून उठले आणि मालकांच्या टेबलावरून तुला फोन केला. मी सगळं सांगितलं, तू फक्त इतकंच म्हणालीस, की आत्ताच्या आत्ता तिला हॉस्पिटलात ने. तुझा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

शेजारच्या मशीनवरची बाई आजारी नव्हती, आणि मीही नव्हते. ताप ताईलाच होता. एकदा ती न्हाणीघरात भिंतीला टेकून उभी दिसली, तेव्हा मला कळलं. मी तिला लगेच किडनीच्या डॉक्टरांकडे चल म्हटलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुझी वस्तू माझ्याकडून बिघडली, हे डॉक्टरांनी तुझ्यादेखत सांगितलं तर मी तुला तोंड कसं दाखवू?" मग मला तुझी शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. मी हसले आणि म्हटलं, वेडी आहेस का, उन्हाळी तर लागली आहे. आणि डबीतल्या पांढऱ्या गोळ्या आणून दिल्या.

तू आजारी मलाच धरलंस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. शपथ मोडायला नको आणि औषध तर मिळेल. रक्त माझं मागितलं, मी माझं दिलं. बाटली तिची होती. नाव घालताना हात अडला, नाही असं नाही. पण मनात आलं, ही लघवी केली कुणी? माझ्याच किडनीने. मग माझं नाव घातलं तर चुकलं कुठे? मला तेव्हा हे इतकं बरोबर वाटलं की मी स्वतःवर खूश होते. लघवी तिची, रक्त माझं, आणि कागदावर दोघींची मिळून एकच ठणठणीत बाई तयार झाली. ते इंजेक्शन तुम्ही त्या बाईला दिलंत. अशी बाई कुठे नव्हती.

नर्सलाही मीच दाराशी गाठून सांगितलं, की नाव माझं असलं तरी पेशंट आत झोपली आहे, कागदावर चुकून नावं बदलली. तिने विश्वास ठेवला. ताईनेही मुकाट्याने कूस वळवली. मी सांगितलं म्हणून.

आता डॉक्टर येतात, तुझ्याशी हळू बोलतात आणि जातात. मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करते. लघवी होते का तिला? एवढंच मला कुणीतरी सांगा. आयाबाई म्हणाल्या, थोडी होते. थोडी म्हणजे किती, हे त्यांना सांगता येईना.

काल थोडा वेळ कारखान्यात जाऊन आले. डबी उघडली आणि सगळ्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत देण्यासाठी पुडीत बांधल्या. बायका चिडल्या. आमच्या उरल्यासुरल्या आधारावरही तुझा डोळा, असं काय काय बोलल्या. मी त्यांना ताईचं सांगितलं. शेवटी चुण्यावाली म्हणाली, "गोळ्या नेतेस ते ने, पण मग आम्हाला पाणी तरी पिता येऊ दे." मला तिचं पटलं. मालकांच्या खोलीत गेले, ते फोनवर होते. खिळ्यावरची त्यांच्या संडासाची किल्ली काढली, त्यांच्यासमोरच, आणि बाहेर आले. ते अजून काही म्हणालेले नाहीत. किल्ली आता डबीत ठेवली आहे.

हे सगळं तुला का सांगते कुणास ठाऊक. तुझ्या आईला काही झालं तर तुझ्या डोळ्यांना डोळा मला देता येणार नाही, एवढं खरं आहे. मला फार भीती वाटते.

मावशी


१२ मार्च

मावशी,

तुझं पत्र मी त्याच दिवशी वाचलं. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण आधी मला राग आला होता आणि मग लाज वाटली.

ओटीपोटात उजव्या अंगाला दुखतं, असं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. आपली स्वतःची किडनी पाठीकडे असते. दुसऱ्याची बसवतात ती ओटीपोटात, पुढे. आईची उजवीकडेच आहे, तिथला व्रण मी लहानपणापासून बघते आहे. एवढं समोर लिहिलेलं असताना मी तुझं खोटं पकडल्याच्या खुशीत राहिले. थाळी आणि रक्त जुळत नाही हेही माझ्या लक्षात आलं, आणि तुझं हाड काटक आहे म्हणून मी ते सोडून दिलं. ती थाळी माझ्या आईची होती आणि मी ती दोनदा वाचली. तेव्हा एकट्या तुझ्यावर राग धरायला मला तोंड नाही. तरी थोडा आहे, तो जाईल हळूहळू.

आता तुला हवं ते सांगते. पहिले दोन दिवस लघवी जवळजवळ बंद होती. रक्तातला आकडा रोज चढत होता, आणि मी त्या मोजायच्या भांड्याकडे बघत बसायचे. परवा आकडा चढायचा थांबला. काल थोडा उतरला. आज सकाळी नर्सने भांडं उजेडात धरलं आणि मला बोलावून दाखवलं. अर्ध्याच्या वर भरलं होतं. मी आयुष्यात हजारो बाटल्या हाताळल्या, पण लघवी बघून रडले ती आजच. ताप उतरला आहे. डॉक्टर म्हणतात किडनी वाचली, पण पूर्वीइतकी होणार नाही. तिच्यातला काही भाग गेला तो गेला.

आणखी एक आहे, ते लपवत नाही, लपवालपवी आपल्या घरात पुरे झाली. सलाईनमधून चाललेलं हे औषध या जंतूवर चालणारं शेवटचं आहे. तो पुन्हा उलटला आणि तेव्हा हेही चाललं नाही, तर देण्यासारखं कुणाकडे काही नाही. म्हणून यापुढे तिला नुसती कणकण आली तरी डॉक्टर. शपथ घातली तरी डॉक्टर.

आईला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. माझ्याच किडनीने केली, हे वाक्य आलं तेव्हा ती हसायला लागली. हसताना टाके दुखावेत तसं पोट धरलं तिने. मग म्हणाली, "ती बाहेर बसून काय करते आहे? तिची लेक आजारी आहे आणि आईलाच आत घेत नाही तुम्ही?"

हे जंतू दुसऱ्या पेशंटकडे जाऊ नयेत म्हणून इथे एका वेळी एकच माणूस आत सोडतात, आणि पास एकच देतात. पास या पत्राला टाचला आहे. माझं नाव त्यावर होतं ते नर्सकडून बदलून घेतलं, आता तुझं आहे आणि या वेळी ते बरोबर आहे. आत जाताना हात धू, बाहेर येताना धू, झगा घाल. भांडं पलंगाच्या डाव्या बाजूला असतं. दुपारचं तू मोज.

मी बाहेर बाकावर बसते.

तुझी
भिंग